मोगलीचे घर कोणते?

मुलांच्या चित्रपटांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. कार्टून म्हणजे करमणूक, पोरे घटकाभर एका जागी बसतात एवढाच त्याचा उपयोग, असा आपला समज आहे. वास्तविक मोठी माणसे एखादी कादंबरी आयुष्यात एकदा, फार तर दोनदा वाचतात. मूल मात्र आवडलेले कार्टून वीस-पंचवीस वेळा पाहते, त्यातली गाणी अर्थ न कळताच पाठ करते आणि त्यातल्या पात्रांच्या नावांनी वर्गमित्रांना हाका मारते. मुस्लिम मराठी लेखकांनी गेल्या काही दशकांत मराठी कथा-कादंबऱ्या, नाटके आणि इतिहासाची क्रमिक पुस्तके यांतून दिसणाऱ्या मुसलमानाच्या प्रतिमेची चिकित्सा केली. ती आवश्यकच होती. पण आपल्या घरातली मुले ज्या पडद्यासमोर तासन्‌तास बसतात, त्या पडद्याचीही कधीतरी झाडाझडती घ्यायला हवी. या लेखात आम्ही ती एका चित्रपटापुरती घेणार आहोत. तो चित्रपट म्हणजे डिस्ने कंपनीचा १९६७ सालचा संगीतमय अ‍ॅनिमेशनपट, ‘द जंगल बुक’.

हाच चित्रपट का, असे कोणी विचारील. एक तर ज्या पुस्तकावरून तो घेतला त्याचा लेखक मुंबईत जन्मला. दुसरे म्हणजे त्यातले जंगल वैनगंगेच्या काठचे आहे. ही नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे आपल्या विदर्भात उतरते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, त्यातली बहुतेक नावे आपल्या बोलीतली आहेत. भालू, बघीरा, अकेला, हाथी, बंदरलोग आणि शेरखान. इंग्रजी किंवा जपानी मुलाला ही नावे म्हणजे नुसते नाद वाटतील. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाला मात्र त्यांचा अर्थ शिकवावा लागत नाही. म्हणून या चित्रपटाने त्या नावांचे काय केले हे विचारण्याचा पहिला हक्क आमच्या मुलांचा आहे.

मुंबईचे मूल

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. बालपणाची पहिली पाच-सहा वर्षे या मुलाने मुंबईत काढली. ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ हे त्यांचे आत्मकथन त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या दिवसांची आठवण आहे. त्यांना सांभाळणारी आया पोर्तुगीज वळणाची रोमन कॅथलिक होती. संध्याकाळी फिरायला नेताना ती रस्त्याच्या कडेच्या क्रूसापाशी थांबून प्रार्थना करी आणि मूल तिच्या शेजारी उभे राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला लहानसहान देवळांत नेई. दुपारी गोष्टी ऐकायच्या त्या नोकरांच्या बोलीत. जेवणाच्या खोलीत आईवडिलांसमोर जाताना मात्र आता इंग्रजीत बोल, अशी ताकीद मिळे आणि मग हे मूल मनातली हिंदुस्थानी वाक्ये अडखळत इंग्रजीत आणी.

वसईच्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. आमच्या पापडीत अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रल आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हापासून ते या धर्मप्रांताचे मुख्य चर्च. रस्त्याच्या कडेला क्रूस आहेत, देवळे आहेत, मशिदी आहेत. कॅथलिकांची सामवेदी बोली, कोळ्यांची बोली, गुजराती, उर्दू, शाळेतली मराठी हे सारे एका बाजारात ऐकू येते. अशा वस्तीत वाढणारे मूल घरी एक भाषा बोलते आणि दुकानात दुसरी. किपलिंगच्या जंगलाची भाषा अशाच बालपणातून आलेली आहे.

म्हणून किपलिंगला डोक्यावर घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. हाच लेखक पुढे साम्राज्याचा भाट झाला. गोऱ्या माणसाने काळ्या-सावळ्या लोकांचे ओझे वाहावे असे त्याने १८९९ मध्ये कवितेत सांगितले. ‘जंगल बुक’च्या दोन भागांतही (१८९४ आणि १८९५) गावकऱ्यांच्या अंधश्रद्धेपासून सुटका हवी असेल तर इंग्रजांच्या आश्रयाला जावे लागते. पण लेखकाचे राजकारण आणि त्याच्या कानांनी टिपलेली भाषा या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेला जातात असे नाही.

त्याने दिलेली नावे पाहा. कोल्ह्याचे नाव आहे ‘तबाकी’. तबाक म्हणजे थाळी. दुसऱ्याची ताटे चाटणाऱ्या कुत्र्याला उर्दूत तबाकी कुत्ता म्हणतात आणि त्यावरून लाचार, आयतखाऊ माणसालाही. वाघाच्या मागे मागे हिंडून उरलेसुरले चाटणाऱ्या कोल्ह्याला यापेक्षा चपखल नाव कोणते असेल? लांडग्यांचा म्होरक्या ‘अकेला’. घारीला ‘चील’. कुठे मात्र पाय घसरलेलाही दिसतो. मोगलीला पोटाशी धरणाऱ्या लांडगीचे नाव ‘रक्षा’ ठेवले आणि त्याचा अर्थ दिला राक्षसी! रक्षण आणि राक्षस यांत लेखकाची गल्लत झाली, पण गोष्टीच्या दृष्टीने नाव बरोबर बसले. संस्कृत, फारसी, अरबी, तुर्की अशा नाना मुळांचे शब्द या जंगलात एकत्र नांदतात. कोणी कोणाला तू मूळचा कुठला, असे विचारत नाही.

शेरखान कोण?

आता ज्या नावापाशी आमची मुले अडखळतात त्याकडे येऊ. शेरखान हा खलनायक आहे. ज्या वर्गात आठ-दहा मुलांचे आडनाव खान असते त्या वर्गात हे नाव कसे ऐकू येते, हे इतरांना सांगून कळणार नाही. साऱ्या जंगलात एकच खान आणि तोच नरभक्षक. मराठी कानाला तर खान म्हटले की प्रथम अफजलखान आणि शाहिस्तेखान आठवतात. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान किंवा पायदळाचा सरनोबत नूरखान बेग सहसा आठवत नाही. त्यामुळे शेरखान हे नाव मराठी घरात शिरते तेव्हा खानाबद्दलचे जुने चित्र तिथे आधीच तयार असते.

किपलिंगने स्वतः या नावाचा खुलासा असा केला की, शेर म्हणजे वाघ आणि खान ही मानाची पदवी, वाघांतला सरदार दाखवण्यासाठी लावलेली. त्यात मुसलमानाकडे बोट दाखवण्याचा हेतू होता असे म्हणायला आधार सापडत नाही. गंमत अशी की, इतिहासात शेरखान ही पदवी वाघाची नव्हे, वाघ मारणाऱ्याची आहे. पुढे शेरशाह सूरी म्हणून दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या फरीदने तरुणपणी वाघ मारला आणि त्याबद्दल बिहारच्या सुभेदाराने त्याला शेरखान हा किताब दिला, अशी परंपरा सांगते. या हिशेबाने पुस्तकातला खरा शेरखान मोगली ठरतो, कारण वाघ मारतो तो!

पुस्तकातल्या वाघाबद्दल आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो जन्मतःच एका पायाने लंगडा आहे. त्याची आई त्याला ‘लंगडी’ म्हणते. धड शिकार जमत नाही म्हणून तो गावाची गुरे मारतो. गावातला शिकारी बुलदेव पारावर बसून सांगतो की, या वाघात पुरणदास नावाच्या सावकाराचा आत्मा शिरला आहे. दंगलीत सावकाराच्या चोपड्या जाळल्या गेल्या तेव्हा त्याला मार बसला आणि तो लंगडू लागला, म्हणून वाघही लंगडतो. मराठी वाचकाला इथे १८७५ सालचे दख्खनचे दंगे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्या वर्षी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या आणि कर्जरोखे जाळले होते. म्हणजे किपलिंगच्या गावकऱ्यांना या वाघात खान दिसत नाही. त्यांना दिसतो तो कर्जाखाली चिरडणारा सावकार.

डिस्नेच्या चित्रपटात यातले काहीच उरले नाही. लंगडेपणा गेला, सावकार गेला. त्या जागी आला एक रुबाबदार, मृदू आवाजाचा वाघ. त्याला आवाज दिला जॉर्ज सँडर्स या नटाने आणि मिल्ट काल या चित्रकाराने त्या नटाची ढब वाघाच्या चेहऱ्यात उतरवली. कलेच्या दृष्टीने ही व्यक्तिरेखा अव्वल आहे. चित्रपटाचा बराच भाग उलटेपर्यंत वाघ समोर येत नाही, फक्त त्याच्या नावाची भीती पसरत राहते. येतो तेव्हा चालताना त्याच्या खांद्याची हाडे कातडीखाली सरकताना दिसतात. बोलतो मात्र तो इंग्रज उमरावासारखा. नाव खानाचे, वाणी साहेबाची. जुलमी माणूस कोणत्या वाणीत बोलतो हे चित्रपटाला ठाऊक होते, नाव बदलण्याची गरज मात्र त्याला वाटली नाही.

आपल्या प्रेक्षकांनी या नावाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये प्राण यांनी रंगवलेला पठाण शेरखान हा मैत्रीला जागणारा माणूस आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर जपानी ‘जंगल बुक’ मालिका हिंदीतून आली. तिचे शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. तिच्यात शेरखानचा आवाज होता मुरुडच्या नाना पाटेकरांचा. २०१६ च्या नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान पुन्हा तेच झाले आणि सर्वांच्या लाडक्या भालूचा आवाज दिला इरफान खान यांनी. ज्या मुलाला आपले आडनाव खलनायकाचे वाटते त्याला एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुरे आहे.

तेव्हा नावावरून रुसण्यात अर्थ नाही असे आमचे मत आहे. या चित्रपटाशी आमचा खरा वाद दुसऱ्याच ठिकाणी आहे.

भालू मास्तर आणि भालू मौजी

वॉल्ट डिस्ने यांच्या हयातीत ज्याचे काम झाले असा हा शेवटचा अ‍ॅनिमेशनपट. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या ऑक्टोबरात चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक होते वुल्फगांग रायथरमन. सुरुवातीला बिल पीट यांनी पुस्तकाशी बरीच इमानी अशी गंभीर पटकथा लिहिली होती. डिस्नेंना ती रुचली नाही. पीट कंपनी सोडून गेले आणि नव्या लेखकाला डिस्नेंनी मूळ पुस्तक वाचूच नकोस असे बजावले. टेरी गिलकिसन यांची गाणीही बाजूला पडली, फक्त भालूचे एक राहिले. त्यालाच पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले. बाकीची बहुतेक गाणी शेरमन बंधूंची आहेत.

संगीताबद्दल तक्रार करणे हा करंटेपणा ठरेल. अस्वलाचे गाणे ऐकताना मोठ्यांचेही पाय हलतात. माकडांच्या राजाचे गाणे जॅझच्या वळणाचे असून लुई प्रायमा या गायकाने ते धुंदीत म्हटले आहे. हत्तींची कवायत निवृत्त गोऱ्या कर्नलची चांगली टिंगल करते. चित्रे, ठेका, हालचाल यांची अशी एकरूपता क्वचितच आढळते. पण गोड गळ्यातून काय सांगितले जात आहे हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

पुस्तकातला भालू हा शिक्षक आहे. लांडग्यांच्या पिलांना तो जंगलाचा कायदा शिकवतो. मोगलीला तर तो सर्वांत अवघड पाठ देतो. प्रत्येक प्राण्याला त्याच्याच बोलीत भेटायचे, घारीशी घारीच्या आणि नागाशी नागाच्या भाषेत बोलायचे आणि आपण एकमेकांचे आहोत हे त्याला सांगायचे. मोगली चुकला तर भालू त्याला चापटही मारतो (बी. एड.च्या मानसशास्त्रात हे बसणार नाही!). या पाठाचा उपयोग लगेच होतो. बंदरलोग मोगलीला पळवून नेतात तेव्हा तो वरून उडणाऱ्या घारीला तिच्या भाषेत हाक मारतो आणि घार निरोप पोहोचवते. पडक्या नगरीत तो नागांच्या वारुळासारख्या अंधाऱ्या जागेत पडतो तेव्हा नागांच्या भाषेतले चार शब्द त्याचा जीव वाचवतात. परक्याची भाषा येणे ही इथे शोभेची बाब नसून जीव वाचवणारी विद्या आहे.

चित्रपटात हा मास्तर मौजी झाला. तो मोगलीला पाठ खाजवायला, मुंग्या खायला आणि फार हव्यास न धरता मजेत जगायला शिकवतो. तत्त्वज्ञान वाईट नाही. पण भाषेचा तो पाठ मात्र सबंध गाळला गेला. सगळे प्राणी एकच अमेरिकी इंग्रजी बोलतात, तेव्हा कोणाला कोणाची बोली शिकण्याचे कारणच उरत नाही. किपलिंगच्या बंदरलोगांना ना राजा आहे ना कायदा. चित्रपटाने त्यांना राजा दिला, तोही ओरांगउटान. हा प्राणी भारतात आढळत नाही, तो सुमात्रा-बोर्निओचा. त्याला माणसासारखे व्हायचे आहे म्हणून तो मोगलीकडे आग मागतो. त्याच्या तोंडी घातलेला जॅझ आणि त्याची ही धडपड पाहून अमेरिकेतल्या अनेक समीक्षकांना त्यात काळ्या लोकांची टवाळी दिसली. दुसऱ्यासारखे होऊ पाहणारा तेवढा हास्यास्पद, ही गोष्ट पुढच्या मुद्द्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन गवाह

पुस्तकात मोगली लांडग्यांच्या टोळीत कसा येतो? पंचायतीच्या खडकावर सारी टोळी जमते. कायदा असा की, पिलाच्या हक्काबद्दल वाद झाला तर आईबाप सोडून आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. निकाहाला दोन गवाह लागतात हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचे गांभीर्य समजावून सांगायला नको. शेरखान बाहेरून ओरडतो आहे, हे पोर माझे आहे. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग भालू, म्हणजे शाळेचा मास्तर, उठून माणसाच्या पिलाची बाजू घेतो. दुसरा आवाज बघीराचा. त्याला मताचा अधिकार नाही, म्हणून तो नुकताच मारलेला एक बैल किंमत म्हणून देऊ करतो. दोन परक्यांनी दिलेल्या जबानीवर एक मूल त्या जंगलाचे रहिवासी ठरते. त्याची जात, रक्त, जन्मस्थान कोणी तपासत नाही.

चित्रपटात ही पंचायत येते ती उलट कामासाठी. शेरखान जंगलात परतल्याची खबर येते. लांडगे रात्री जमतात आणि ठरवतात की, वाघापुढे आपला टिकाव लागणार नाही, तेव्हा मुलाला माणसांच्या गावी पोहोचवावे. ज्या लांडग्याने त्याला वाढवले तो कळवळतो, पण निर्णय होतो. वाघाला हुसकावण्याऐवजी मुलाला घालवायचे. आणि हे सारे त्या मुलाच्या भल्यासाठी. बघीरा त्याला घेऊन निघतो. मूल वाटेत परत परत म्हणते की, मला इथेच राहायचे आहे. त्याचे कोणी ऐकत नाही. भालूला मुलाचा लळा लागतो तेव्हा बघीरा त्यालाही समजावतो. तू काही चित्तिणीशी लग्न लावणार नाहीस, ज्याने त्याने आपापल्या जातीत राहावे, असा त्याच्या म्हणण्याचा मतलब.

हा संवाद कोणत्या वर्षी लोकांनी ऐकला ते पाहावे. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्यांच्या आपसांतील विवाहांवर बंदी घालणारे कायदे रद्द केले. त्यानंतर चार महिन्यांनी हा चित्रपट आला. तो संवाद त्या निकालाला उत्तर म्हणून लिहिलेला असण्याची शक्यता नाही, चित्रपटाचे काम कितीतरी आधी सुरू झाले होते. पण ज्या समाजात हा प्रश्न धगधगत होता त्याच समाजाच्या हवेतून तो आला, एवढे म्हणता येईल.

वाघ गेला, तरीही

चित्रपटाचा शेवट आम्हांस सर्वांत अस्वस्थ करतो. वीज कोसळून झाड पेटते, मोगली जळती फांदी शेरखानच्या शेपटीला बांधतो आणि वाघ घाबरून पळून जातो. म्हणजे ज्या कारणासाठी मुलाला घालवायचे होते ते कारण संपले. आता तो सुखाने जंगलात राहू शकतो. पण तेवढ्यात पाणवठ्यावर एक मुलगी गाणे म्हणत येते. त्या गाण्याच्या नावाचाच अर्थ ‘माझे स्वतःचे घर’ असा आहे. बाप शिकारीला जातो, आई रांधते, मी पाणी भरते, मोठी झाले की मला नवरा मिळेल आणि मग माझी मुलगी पाणी भरील, असा त्याचा आशय. मोगली तिच्यामागून हंडा घेऊन गावात जातो. बघीराला हायसे वाटते, भालूची समजूत निघते आणि दोघे नाचत परत फिरतात.

धोका टळल्यावरही मूल जाते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मग तो धोका हे निमित्तच होते, नाही का? मुळात ज्याने त्याने आपल्यांत राहावे हेच सांगायचे होते. त्या मुलीच्या गाण्यातली तिची दुनियाही पाहा. पाणी, चूल, नवरा आणि पुन्हा पाणी भरणारी मुलगी. तिला नाव मिळाले ते २००३ च्या दुसऱ्या भागात, शांती. उर्दू शाळांतून मुलींना दहावीच्या पुढे नेण्यासाठी ज्यांना घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागते, त्यांना या गाण्याचा गोडवा नीट पचत नाही.

पुस्तकातही मोगली माणसांत जातो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कसा? आधी लांडग्यांची टोळी त्याच्यावर उलटते. मग गावात मेसुआ नावाची बाई त्याला पोटच्या पोरासारखे घरात घेते. तो म्हशींचा कळप घळीत उधळून वाघाला मारतो. या उपकाराची फेड म्हणून गाव त्याला जादूटोणा करणारा ठरवून दगड मारते. दोन्ही समाजांनी झिडकारलेला हा मुलगा वाघाचे कातडे घेऊन एकटा जंगलात परततो. तेव्हा चार लांडगे त्याच्यासोबत येतात, कारण ते त्याच्याबरोबर वाढलेले असतात. अखेर सतराव्या वर्षी तो माणसांकडे ओढला जातो तेव्हा त्याला स्वतःलाच कळत नाही की आपण का रडत आहोत. भालू तोवर म्हातारा आणि आंधळा झालेला असतो. त्या निरोपात वियोग आहे. चित्रपटाने वियोगाच्या जागी नाच घातला.

किपलिंगची मोगलीवरची पहिली कथा याहूनही आधीची, १८९३ ची आहे. ‘इन द रुख’ हे तिचे नाव. तिच्यात मोगली मोठा झालेला असून सरकारी जंगल खात्यात नोकरीला लागतो. तो लग्न कोणाशी करतो? गिसबोर्न या गोऱ्या जंगल अधिकाऱ्याच्या खानसाम्याच्या मुलीशी. त्या खानसाम्याचे नाव अब्दुल गफूर! लाखो मुलांचा लाडका मोगली एका मुसलमानाचा जावई होता, हे किती जणांना माहीत आहे? या कथेत अब्दुल गफूरचे चित्र चोराचे आहे. साहेबाचे पैसे घेऊन तो पळतो आणि मोगलीचे लांडगे त्याला परत हाकून आणतात. मुलगी त्याची मुलगी म्हणूनच वावरते. साम्राज्यवादी लेखकाकडून आणखी काय अपेक्षा करणार? तरीही साहेबाच्या अंगणातल्या त्या नोकरमाणसांच्या दुनियेत जात, धर्म, जंगल यांच्या सीमा ओलांडणारे एक लग्न त्याला कल्पिता आले. जेमतेम पाऊण शतकाने आलेल्या चित्रपटाला ते कल्पिता आले नाही.

आपल्यांत राहा, असे सांगणारे

हे सारे एका जुन्या कार्टूनबद्दल एवढ्या तावातावाने का लिहावे? कारण ‘आपल्यांत राहा’ हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. जीव मुठीत धरून गेली, त्यांना दोष देता येणार नाही. पण आग विझली, वर्षे उलटली, तरी माणसे परतली नाहीत. आता जागा बघायला गेले की आधी आडनाव विचारले जाते. नकार देणारा गोड बोलतो. तुमचे तुमच्या लोकांत बरे, असे तो म्हणतो. आणि आपल्यातलेही काही जण मान डोलावतात. दूरदर्शनवर मोगली आला तोही १९९३ सालीच.

वाघ गेल्यावरही मूल परत येत नाही, हे चित्रपटातले सत्य आपल्या अनुभवाचे आहे. फरक एवढाच की, चित्रपट त्याला सुखाचा शेवट म्हणतो.

म्हणून आमचे शिक्षक बांधवांना आणि पालकांना सांगणे आहे की, मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा. गाणी गाऊ द्या, अस्वलाबरोबर नाचू द्या. नंतर मात्र पुस्तकातले दोन प्रसंग आपल्या शब्दांत त्यांना सांगा. एक, खडकावरच्या पंचायतीत परक्या पोरासाठी दोघे उठून बोलले तो. दुसरा, भालू मास्तरांनी सर्वांच्या बोली शिकवल्या तो. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी कशाला, असे विचारणाऱ्या बापाला आणि मराठी शाळेतल्या मुलाला शेजाऱ्याच्या उर्दूशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्यालाही घारीची गोष्ट सांगा. वसई तालुक्यातल्या मुलांना तर ती पटकन कळेल, कारण सुट्टीत क्रिकेट खेळताना ती रोज चार बोलींतून भांडतात.

आणि शेवटी मुलांना एक प्रश्न घालावा. वाघ पळून गेला होता, मग मोगली का गेला? त्याला कोणी थांब म्हटले का? उत्तर आपण देऊ नये, मुलांना लिहू द्यावे. उर्दूत लिहितील, मराठीत लिहितील, कोणी दोन्ही मिसळून लिहील. तसे लिहिले म्हणून त्याचे गुण मात्र कापू नयेत.